विजेच्या गाडीतला गॅस आणि आपला उन्हाळा

‘नव्या गॅसमुळे विजेच्या गाडीची रेंज निम्म्याने वाढणार’ अशा अर्थाची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. वाचणाऱ्याला वाटते, हा गॅस बॅटरीत भरायचा असेल. तो असतो एसीमध्ये. गाडीत बसलेल्यांना गार किंवा उबदार ठेवणाऱ्या आणि आता बॅटरीचे तापमानही सांभाळणाऱ्या नळ्यांमधून तो फिरतो. पाठ्यपुस्तकात त्याला शीतक म्हणतात, गॅरेजमध्ये नुसते ‘गॅस’ म्हणतात. बॅटरी किती किलोवॉट-तासांची आहे हे ग्राहक विचारतो, चार्जर किती किलोवॉटचा आहे तेही विचारतो. गाडीत शीतक कोणता आहे हे मात्र शोरूममध्ये कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. हे पुस्तक त्या न विचारलेल्या प्रश्नाभोवती उभे आहे. प्रस्तावना लिहिण्याचे काम मी आनंदाने घेतले, कारण पुढच्या काही वर्षांत भारतीय गाड्यांमध्ये कोणता शीतक असावा याचा निर्णय होणार आहे, आणि तो निर्णय थंड देशांच्या गरजांवर बेतलेला असू नये असे मला मनापासून वाटते.

आधी त्या ‘निम्म्याने’चा हिशेब करू. अमेरिकेतल्या ‘ट्रिपल ए’ या मोटारचालकांच्या संघटनेने २०१९ साली पाच विजेच्या गाड्या प्रयोगशाळेत चालवून पाहिल्या. तापमान उणे ७ अंश सेल्सिअस आणि हीटर चालू, अशा स्थितीत रेंज सरासरी ४१ टक्क्यांनी घटली. हीटर बंद ठेवला तेव्हा घट १२ टक्केच होती. ३५ अंश तापमानात एसी लावून घट १७ टक्के झाली, एसी बंद ठेवून ४ टक्के. आता एरवी १०० किलोमीटर जाणारी गाडी धरा. कडाक्याच्या थंडीत हीटर लावून ती ५९ किलोमीटर जाते, हीटरविना ८८. समजा, असा शीतक सापडला की ऊब अगदी फुकट मिळू लागली, तर ५९ चे ८८ होतील. ही वाढ जवळजवळ निम्म्याची आहे. म्हणजे बातमीतला आकडा हवेतून आलेला नसतो, पण तो या हिशेबातली कमाल मर्यादा असतो, आणि फुकट ऊब देणारा शीतक निसर्गात नाही. ऊब मिळवण्याचा खर्च निम्म्यावर आला, तर ५९ चे साधारण ७१ होतात. तेही थोडे नव्हे. ओस्लोहून निघालेल्या माणसासाठी वाटेत एकदा कमी थांबावे लागणे ही मोठी गोष्ट आहे.

हाच हिशेब उन्हाळ्यासाठी केला की चित्र बदलते. ३५ अंशांवर एसी लावून ८३ किलोमीटर, एसीविना ९६. एसी पूर्ण फुकट चालला तरी वाढ सोळा टक्क्यांच्या आतच राहणार. शीतक बदलल्याने एसी दहा टक्के कमी वीज खाऊ लागला, तर २५० किलोमीटरच्या गाडीला या हिशेबाने तीनेक किलोमीटर जास्त मिळतील. उष्ण प्रदेशातल्या वाचकाने पहिली खूणगाठ इथे बांधावी. नव्या शीतकाने रेंज किती वाढते या प्रश्नाचे उत्तर गाडी कुठे धावते यावर अवलंबून असते, आणि आपल्याकडे ते उत्तर फार लहान आहे. मग या विषयावर आपण पुस्तक का वाचावे? कारण आपल्याकडे शीतकाचा खरा परिणाम रेंजच्या आकड्यात दिसत नाही. तो दुसरीकडे दिसतो. तिकडे वळण्याआधी यंत्र कसे चालते ते थोडक्यात पाहू.

शीतक कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. ती वाफ कॉम्प्रेसर दाबतो. दाबली की ती तापते. तापलेली वाफ कंडेन्सरमध्ये बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना दाब उतरतो, आणि फेरा पुन्हा सुरू होतो. केबिनमधली उष्णता बाहेर टाकली की तो एसी; बाहेरच्या थंड हवेतली उष्णता गोळा करून आत आणली की तोच हीट पंप. उणे दहा अंशांच्या हवेतही उष्णता असते, ती उचलायला तिच्याहून थंड असे काहीतरी लागते, एवढेच. उष्णता कमी तापमानावरून जास्त तापमानाकडे चढवणे हे विहिरीतून पाणी उपसण्यासारखे आहे: विहीर जितकी खोल, तितका मोटारीवर भार. आत-बाहेरच्या तापमानातला फरक म्हणजे या विहिरीची खोली.

पेट्रोलच्या गाडीत हिवाळ्याचा प्रश्न उद्भवला नाही, कारण इंजिन इतकी उष्णता वाया घालवते की त्यातली थोडी केबिनमध्ये वळवली तरी भागते. विजेची मोटार फार कमी उष्णता वाया घालवते, तिचा गुणच हिवाळ्यात तिला महाग पडतो. सुरुवातीच्या बहुतेक विजेच्या गाड्यांत केबिन तापवायला विजेची शेगडी होती: एक युनिट वीज जाळा, फार तर एक युनिट उष्णता मिळवा. हीट पंप त्याच एका युनिटमध्ये दोन-तीन युनिट उष्णता आत आणतो. निसान लीफच्या २०१३ च्या मॉडेलपासून तो गाड्यांमध्ये दिसू लागला. टेस्लाने २०२० साली मॉडेल वायमध्ये तो बसवला आणि केबिन, बॅटरी, मोटार या तिघांची उष्णता एकमेकांकडे वळवणारा आठ तोंडांचा व्हॉल्व्ह त्याच्या जोडीला दिला.

हीट पंप आला तरी शीतकाचा स्वभाव आड येतोच. जगभर गाड्यांमध्ये वर्षानुवर्षे वापरला गेलेला आर-१३४ए वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. बाहेर उणे २० असताना हवेतून उष्णता उचलायची, तर शीतकाला उणे २७-२८ पर्यंत जावे लागते. त्या तापमानाला त्याच्या वाफेचा दाब वातावरणाहूनही कमी असतो. वाफ विरळ, म्हणून कॉम्प्रेसरच्या प्रत्येक फेऱ्यात फारच थोडा शीतक पुढे सरकतो आणि त्यासोबत फारच थोडी उष्णता. थंडी वाढेल तशी उबेची गरज वाढते आणि नेमक्या त्याच वेळी पंपाचा जोर ओसरतो. मग गाडी पुन्हा शेगडीकडे वळते. आर-१३४ए ची जागा घेणारा आर-१२३४वायएफ उणे २९ अंशांच्या आसपास उकळतो, फरक थोडासाच. प्रोपेन उणे ४२ ला उकळतो. आणि कार्बन डायऑक्साइड या सगळ्यांहून निराळा: उणे २० अंशांना आर-१३४ए चा दाब १.३ बार असतो, कार्बन डायऑक्साइडचा जवळजवळ २० बार. एवढी दाट वाफ असली की छोटासा कॉम्प्रेसरही भरपूर उष्णता वाहून आणतो. जपानी आणि अमेरिकी रसायन कंपन्या ज्या नव्या मिश्रणांवर काम करत आहेत, त्यांचे सूत्रही हेच आहे: जास्त थंडीतही जोमाने उकळेल असा घटक जुन्या शीतकात मिसळायचा.

कार्बन डायऑक्साइडची गोष्ट मला नेहमीच ओढ लावते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला मांस वाहणाऱ्या जहाजांवर तो शीतक म्हणून वापरात होता. पुढे कृत्रिम शीतक आले आणि तो विस्मरणात गेला. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला गुस्ताव लोरेन्ट्झेन नावाचे प्राध्यापक होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, सत्तरी ओलांडलेली असताना, त्यांनी या जुन्या शीतकाकडे पुन्हा लक्ष वेधले आणि त्याचा वरचा दाब हवा तसा बदलून यंत्र काबूत ठेवण्याची रीत मांडली. १९९३ साली योस्टाइन पेटरसन यांच्याबरोबर त्यांनी मोटारीच्या एसीत कार्बन डायऑक्साइड कसा चालेल हे दाखवले. १९९५ साली ते गेले. २००१ मध्ये जपानमध्ये याच शीतकावर पाणी तापवणारे ‘इको-क्यूट’ बाजारात आले, त्यामागे गाड्यांचे सुटे भाग बनवणारी डेन्सो कंपनी होती. २०२० नंतर फोक्सवागनने आपल्या आयडी मालिकेतल्या गाड्यांना कार्बन डायऑक्साइडवरचा हीट पंप पर्याय म्हणून दिला. ज्या देशात हा विचार पुन्हा रुजला, तिथे २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दहातल्या जवळजवळ नऊ पूर्णपणे विजेवरच्या होत्या. नॉर्वेच्या हिवाळ्याने हा प्रश्न विचारला आणि उत्तराचा मोठा भागही तिथूनच आला, हे मला फार स्वाभाविक वाटते.

आता तीच गाडी मे महिन्यात नागपूरला आणा.

कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३१ अंश आहे. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी तो द्रव होत नाही. कंडेन्सरचे काम वाफेचा द्रव करणे, आणि इथे बाहेरची हवाच ४५ अंशांची. मग शीतक शंभर बारच्या वर दाबून, वाफही नाही आणि द्रवही नाही अशा अवस्थेत थोडा थोडा थंड करावा लागतो. उष्णता बाहेर पडते, पण त्यासाठी लागणारी वीज वाढत जाते. मुंबईचा मे महिनाही या मर्यादेच्या वरच असतो. तिथे ३४ अंश आणि वर दमट हवा, म्हणजे एसीच्या कामाचा मोठा हिस्सा हवेतले पाणी काढण्यात जातो. आतल्या आत उष्णता फिरवणारा जादा एक्स्चेंजर, इजेक्टर अशा युक्त्यांनी ही तूट बरीच भरून काढता येते, आणि त्यावर आपल्या देशातही संशोधन झाले आहे. तरी मूळ गोष्ट तीच राहते: थंडीत जो शीतक सगळ्यांत सरस, तोच आपल्या उन्हात सगळ्यांत जास्त धाप टाकतो. लेह किंवा श्रीनगरला चालणाऱ्या गाडीसाठी मी त्याची बाजू घेईन. चंद्रपूरच्या गाडीसाठी नाही.

मग आपल्याकडे शीतकाचा परिणाम कुठे दिसतो? दोन ठिकाणी. पहिली जागा म्हणजे रहदारी. एसीची वीज किलोमीटरवर मोजली जात नाही, तासावर मोजली जाते. एसी दीड किलोवॉट वीज घेतो असे धरू. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर ताशी ९० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीला पळायला चौदाएक किलोवॉट लागतात. त्यात एसीचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सरासरी वेग २० असेल, तर चालायला लागतात कसेबसे दोन किलोवॉट, आणि एसीचा वाटा चाळीस टक्क्यांच्या पुढे जातो. हे आकडे ढोबळ आहेत, गाडीगणिक बदलतील, पण त्यांचा कल बदलणार नाही. शहरात दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला रेंज संपण्याची भीती नसते, म्हणून हे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण टॅक्सी चालवणारा माणूस दहा-दहा तास गाडीत असतो, आणि त्याची निम्म्याच्या जवळपास वीज केबिन गार ठेवण्यात जात असेल, तर शीतक आणि कॉम्प्रेसर किती कार्यक्षम आहेत हा त्याच्या रोजच्या कमाईचा प्रश्न आहे. विजेच्या बसला तर हे आणखी लागू पडते: मोठी काच, सतत उघडणारे दार, उभे प्रवासी.

दुसरी जागा चार्जिंगची, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. लिथियम बॅटरीला साधारण २० ते ३५ अंश मानवतात. जलद चार्जिंगच्या वेळी ती स्वतःच तापते: ५० किलोवॉटने चार्ज होताना त्यातले पाच टक्के जरी उष्णतेत गेले, तरी आत अडीच किलोवॉटची शेगडी पेटल्यासारखे होते. ही उष्णता बॅटरीभोवती फिरणाऱ्या कूलंटमध्ये उतरते आणि ‘चिलर’ नावाच्या छोट्या भागात शीतक ती उचलतो. म्हणजे एकच कॉम्प्रेसर केबिनही सांभाळतो आणि बॅटरीही. दुपारी दोन वाजता, ४४ अंशांत, समृद्धी महामार्गावरच्या चार्जरला लागलेली गाडी डोळ्यांसमोर आणा: आत कुटुंब बसले आहे, एसी चालू आहे, बॅटरी ऊन खाऊन आधीच तापलेली आहे. शीतकाची उष्णता उचलण्याची ताकद अपुरी पडली, तर गाडीचा संगणक दोनपैकी एक करतो: केबिनची थंडाई कमी करतो किंवा चार्जिंगचा वेग उतरवतो. चार्जर ५० किलोवॉटचा असतो आणि गाडी तीस घेते. वाट पाहणाऱ्याला वाटते, चार्जर खराब आहे. उष्ण देशात शीतकाचा हिशेब चार्जरपाशी गेलेल्या मिनिटांत आणि बॅटरीच्या आयुष्यात करायला हवा. वारंवार तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि गाडीतली सगळ्यांत महाग वस्तू तीच आहे.

शीतकांचा इतिहास मी इथे थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकात तो पुढे येतोच. १९२० च्या दशकात घरच्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, अमोनिया, मिथिल क्लोराइड असे विषारी वायू असत आणि गळतीने माणसे दगावत. जनरल मोटर्समधल्या टॉमस मिजली यांच्या गटाने १९२८ च्या सुमारास शीतक म्हणून सीएफसी वायू शोधले. १९३० साली मिजलींनी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो वायू छातीत भरून घेतला आणि सोडलेल्या श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली: विषारी नाही, पेटतही नाही. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी सांगितले की हाच वायू ओझोनचा थर खातो; १९८५ साली अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र जाहीर झाले; १९८७ साली माँट्रियलचा करार झाला. ओझोनला धक्का न लावणारा आर-१३४ए गाड्यांमध्ये आला, पण त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींच्या घरात निघाली. एका मोटारीत सहाशे ग्रॅम भरला असेल आणि तो सगळा हवेत गेला, तर ते पेट्रोलच्या गाडीने सातेक हजार किलोमीटर धावण्याइतके झाले. वीज वापरून धूर टाळायचा आणि नळीतून हा वायू गळू द्यायचा, यात विसंगती आहे.

युरोपने २००६ च्या निर्देशाने गाड्यांमधल्या शीतकाची तापमानवाढीची ही क्षमता १५० च्या आत आणायला सांगितली आणि १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती अट लागू झाली. हनीवेल आणि ड्यूपाँट यांनी आणलेला आर-१२३४वायएफ त्या अटीत सहज बसतो. तो हवेत जेमतेम दीड आठवडा टिकतो, म्हणून तापमान वाढवत नाही. यंत्रातही फार बदल करावा लागत नाही. कार्यक्षमता आर-१३४ए पेक्षा किंचित कमी, ती एका जादा एक्स्चेंजरने भरून निघते. २०१२ साली डाइम्लरने चाचणीत तो तापलेल्या इंजिनावर पडून पेटतो असे दाखवले आणि मोठा वाद झाला. विजेच्या गाडीत तापलेले इंजिन आणि एक्झॉस्ट नसतात, त्यामुळे त्या धोक्याचे वजन इथे कमी होते.

माझी शंका वेगळी आहे. हा वायू हवेत विरघळून संपत नाही, त्याचे जवळजवळ पूर्णपणे ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्लात रूपांतर होते आणि ते पावसाबरोबर खाली येते. आर-१३४ए पासूनही हे आम्ल बनते, पण कमी प्रमाणात आणि चौदाएक वर्षांत पसरून. ते निसर्गात सहजी मोडत नाही. तळ्यांत, विहिरींत, भूजलात साठत जाते. आजचे प्रमाण घातक नाही असे अनेक शास्त्रज्ञ म्हणतात, आणि ते मी मान्य करतो. पण जे मोडत नाही ते वाढतच जाते. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी २०२३ साली युरोपात अशा चिवट फ्लोरिनयुक्त रसायनांवर व्यापक बंधने घालण्याचा प्रस्ताव मांडला आणि हा शीतकही त्या जाळ्यात येतो. सगळे पाणी चार महिन्यांच्या पावसात मिळवून वर्षभर पुरवणाऱ्या प्रदेशाने या प्रस्तावाकडे दुसऱ्यांचा प्रश्न म्हणून पाहू नये. युरोप ज्याच्यातून बाहेर पडण्याचा विचार करतो आहे, त्याच्यात आपण आज मोठ्या खर्चाने शिरावे का, हा प्रश्न भारतीय मोटार उद्योगाने स्वतःला विचारायलाच हवा.

माझा कल प्रोपेनकडे आहे, आणि तो मी लपवत नाही. तापमानवाढीची क्षमता नगण्य, चिवट आम्ल नाही, पेटंटचे ओझे नाही. उणे ४२ ला उकळतो म्हणून थंडीत चांगला, आणि क्रांतिक तापमान ९६ अंशांच्या वर म्हणून आपल्या उन्हातही नीट द्रव होतो. लडाख आणि विदर्भ दोन्हीकडे चालेल असा शीतक मला दुसरा दिसत नाही. अडचण एकच आणि ती मोठी: तो पेटतो. पण घरातल्या फ्रिजचा अनुभव पाहा. १९९३ साली पूर्वीच्या पूर्व जर्मनीतल्या फोरॉन कारखान्याने ग्रीनपीसच्या आग्रहाने हायड्रोकार्बनवरचा फ्रिज बाजारात आणला, तेव्हाही हीच भीती होती. आज असे फ्रिज जगभर घरोघरी आहेत. एसीच्या बाबतीत तर वाट मुंबईतून निघाली. विक्रोळीच्या गोदरेजने २०१२ साली प्रोपेनवरचे घरगुती एसी विकायला सुरुवात केली, तेव्हा जगातले फार थोडे उत्पादक त्याला हात लावत होते. युरोपातल्या घरांच्या हीट पंपांत आज प्रोपेन झपाट्याने येतो आहे. २०२४ च्या युरोपीय नियमांनी आर-१३४ए सारखे एचएफसी वायू २०५० पर्यंत शून्यावर आणायचे ठरवल्यापासून तर जास्तच.

मोटारीत प्रोपेन वापरण्याची रीत अशी, की तो केबिनमध्ये येऊच द्यायचा नाही. पुढे बॉनेटखाली एका बंदिस्त पेटीत कॉम्प्रेसर, कंडेन्सर, चिलर सगळे जवळजवळ बसवायचे, आणि तिथून केबिनपर्यंत व बॅटरीपर्यंत गारवा किंवा ऊब साध्या कूलंटने न्यायची. मध्ये एक टप्पा वाढल्याने थोडी कार्यक्षमता जाते हे खरे. पण शीतक काहीशे ग्रॅममध्ये भागतो. स्वयंपाकघरातल्या एका सिलिंडरमध्ये १४.२ किलो ज्वलनशील वायू असतो आणि तो आपण नियम पाळून वापरतो. शिवाय विजेच्या गाडीने एक सोय करून दिली आहे, जिची चर्चा फारशी होत नाही. पेट्रोलच्या गाडीत कॉम्प्रेसर पट्ट्याने फिरतो, त्याचा दांडा बाहेर येतो, तिथल्या सीलमधून आणि थरथरणाऱ्या इंजिनाला जोडलेल्या रबरी नळ्यांतून गॅस झिरपतो. विजेच्या गाडीतला कॉम्प्रेसर मोटारीसकट बंद डब्यात असतो. कारखान्यातच सीलबंद करून पाठवलेले, वर्षानुवर्षे न गळणारे यंत्र मोटारीत प्रथमच शक्य झाले आहे. अपघातात पेटी फुटली तर काय, उच्च दाबाच्या वीजवाहिन्या शेजारी असताना ठिणगी कशी टाळायची, या प्रश्नांची उत्तरे अजून रस्त्यावर सिद्ध व्हायची आहेत, आणि ती सिद्ध होईपर्यंत सरसकट परवानगी देऊ नये असेच मी म्हणेन. पण चाचण्या तरी सुरू व्हायला हव्यात, आणि त्या आपल्या हवेत व्हायला हव्यात.

यासाठी वेळ आहे, पण फार नाही. माँट्रियलच्या करारात २०१६ साली रवांडात किगालीला झालेल्या दुरुस्तीनुसार, जिला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, भारतातला एचएफसी वायूंचा वापर २०२८ साली गोठायचा आहे. मग २०३२ मध्ये दहा टक्के, २०३७ मध्ये वीस, २०४२ मध्ये तीस आणि २०४७ पर्यंत पंचाऐंशी टक्के कपात. आर-१३४ए त्याच यादीत आहे. एका गाडीचा आराखडा चार-पाच वर्षे आधी ठरतो आणि गाडी पंधरा वर्षे रस्त्यावर राहते. २०३२ साली कोणता शीतक असेल हे पुण्यात, चाकणला, चेन्नईला आणि साणंदला आजच्या बैठकांत ठरत आहे.

त्या बैठकांत गॅरेजवाल्याला खुर्ची नसते, म्हणून त्याचा विषय इथे काढतो. विजेच्या गाडीच्या एसीत काम करणाऱ्याला नव्या गोष्टी शिकाव्या लागतात आणि त्यातली एक अगदी साधी आहे: तेल. विजेच्या कॉम्प्रेसरमध्ये मोटारीची वेटोळी शीतकात आणि तेलातच बुडलेली असतात, म्हणून वीज रोखणारे पीओई जातीचे तेल लागते. नेहमीच्या गाडीतले पीएजी तेल त्यात गेले, अगदी थोडेसे, आधीच्या गाडीला वापरलेल्या नळीतून आलेले असले तरी, इन्सुलेशन कमजोर होते आणि गाडी बिघाडाचा इशारा देऊन बंद पडू शकते. जुना गॅस हवेत सोडून नवा भरण्याची सवयही मोडावी लागेल. तो मशिनने परत गोळा करायचा असतो. आणि ज्या यंत्राची रचना हायड्रोकार्बनसाठी झालेली नाही, त्यात स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरणे हा जिवाशी खेळ आहे. प्रोपेनच्या बाजूने बोलणाऱ्यानेच हे सगळ्यांत ठणकावून सांगायला हवे. पुस्तकातला दुरुस्तीचा भाग म्हणूनच मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आयटीआयच्या मुलांच्या हाती तो पडावा, त्यांनी त्यातल्या चुका काढाव्यात आणि लेखकाला कळवाव्यात.

शेवटी ग्राहकाच्या हक्काचे एक मागणे. गाडीच्या जाहिरातीतली रेंज ज्या चाचणीवरून येते, ती आपली एमआयडीसी असो वा युरोपातली डब्ल्यूएलटीपी, ती एसी बंद ठेवून केलेली असते. भारतात एसी बंद ठेवून विजेची गाडी मे महिन्यात कोण चालवतो? चाचणीत एक जादा आकडा मोजावा: ४३ अंश तापमान, भरदुपारचे ऊन, एसी चालू, शहरातली संथ गती. दुसरा आकडा त्याच उन्हात जलद चार्जिंगला लागणाऱ्या मिनिटांचा. आणि त्यांच्या शेजारी, गाडीच्या कागदपत्रांत जिथे बॅटरीची क्षमता छापतात तिथेच, शीतकाचे नाव आणि त्याचे वजन ग्रॅममध्ये. हे तीन आकडे छापणे सक्तीचे झाले, की कोणता गॅस आपल्या उन्हाळ्यात चालतो याची तुलना शोरूममध्येच करता येईल.